सकळ लिपी, मिटलेली मूठ आणि ज्ञानाचा प्रश्न

सांकेतिक शब्दकोडे हा असा खेळ आहे की त्यात एखादा शब्द किंवा वाक्य ठरावीक नियमाने झाकलेले असते, तो नियम खेळणाऱ्याला सांगितलेला नसतो, आणि समोर दिसणाऱ्या अक्षरांच्या चालीवरून नियम व मजकूर हे दोन्ही त्याने हुडकून काढायचे असतात. वर्तमानपत्रातल्या उभ्या-आडव्या शब्दकोड्याहून हा प्रकार निराळा आहे, कारण तिथे शोधसूत्र अर्थाकडून अक्षरांकडे नेते आणि इथे अक्षरांकडून अर्थाकडे जावे लागते. जोश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये लोकांसमोर आणलेला आणि २०२२ च्या आरंभी न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलेला ‘वर्डल’ हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखण्याचा खेळ याच कुळातला असून त्याच्या धर्तीवर मराठीसह अनेक भाषांत खेळ निघाले. सुरत–भुसावळ लोहमार्गावरच्या शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावीही गाडीची वाट पाहताना, दुकानात गिऱ्हाईक नसताना किंवा रात्री जेवणे उरकल्यावर मोबाइलवर असा एखादा डाव टाकणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

खेळ विरंगुळ्याचा असला तरी त्याच्या पोटात दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. पहिला प्रश्न ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ‘जाणणे’ कशाला म्हणावे याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा आहे: कोड्याचे उत्तर सापडते तेव्हा खेळणाऱ्याला ज्ञान होते, की त्याचा अंदाज केवळ बरोबर ठरतो? दुसरा प्रश्न धर्माचा आहे: जे लपवून ठेवलेले असते ते लपवले म्हणूनच अधिक खोल, अधिक पवित्र ठरते का, आणि बाहेरच्या माणसाने ते उघडले तर त्याच्या हाती खरोखर काय लागते? या दुसऱ्या प्रश्नाचा विचार खान्देशात करण्यास विशेष कारण आहे, ते असे की मराठीतील सर्वांत मोठे सांकेतिक कोडे ज्या महानुभाव पंथाने घातले त्याचे अनुयायी या भागातल्या गावोगावी आहेत, भडगाव तालुक्यातील कनाशी हे त्यांचे तीर्थस्थान आहे, आणि ते कोडे सोडवणाऱ्यांपैकी एकाची कर्मभूमी धुळे होती.

आधी खेळाची यंत्रणा पाहणे इष्ट ठरेल. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी आहे तिच्यात प्रहेलिका म्हणजे कोडी, अक्षरमुष्टिका म्हणजे अक्षरे आखडून केलेले संकेतकथन, आणि म्लेच्छितविकल्प म्हणजे ठरावीक अक्षरांची अदलाबदल करून बोलणे किंवा लिहिणे, या तिन्हींचा समावेश आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढलेखन हेरांच्या कामाचे आहे, तर वात्स्यायनाकडे तेच माळा गुंफणे आणि वाद्य वाजवणे यांच्या पंगतीला बसते, म्हणजे सुसंस्कृत माणसाच्या रिकाम्या वेळेचे भूषण म्हणून येते. म्लेच्छितविकल्पाची एक रीत यशोधराच्या जयमंगला टीकेत ‘मूलदेवीय’ या नावाने दिलेली आहे. तिच्यात काही व्यंजनांच्या जोड्या ठरलेल्या असतात आणि जोडीतली दोन अक्षरे एकमेकांची जागा घेतात, उदाहरणार्थ त आणि प, न आणि म, र आणि ष, ल आणि स, च आणि ट. जोडीत न आलेली अक्षरे तशीच राहतात आणि मात्राही हलत नाहीत.

या रीतीने शिंदखेडा तालुक्याच्या उत्तरेची तापी ‘पाती’ होते. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला या शब्दाने नदीची आठवण होण्याचे कारण नाही, त्याला फुलाआधी कपाशीवर धरणारी पाती आठवतील, आणि झाकण स्वतःच अर्थपूर्ण दिसल्यामुळे खाली काही झाकलेले आहे अशी शंकाही त्याला येणार नाही. एक शब्द सुटा असेल तर त्याचा उलगडा होऊच शकत नाही. वाक्य मिळाले तरच वाट फुटते. समजा, समोर ‘तांझषा पातीसा निळपे’ एवढेच लिहिलेले आहे. मराठी वाक्याच्या शेवटी बहुधा क्रियापद येते आणि ते पुष्कळदा ‘ते’ या अक्षराने संपते, तेव्हा ‘पे’ म्हणजे ‘ते’ असे धरून पाहता येते. अदलाबदल दोन्ही बाजूंनी होत असल्याने जिथे त आहे तिथे प वाचावा लागतो आणि वाक्य ‘पांझषा तापीसा निळते’ असे अर्धवट उजळते. इथपर्यंत आलेला खेळणारा शिंदखेड्याचा असेल तर त्याला पुढे विचार करावाच लागत नाही, कारण मुडावद येथे कपिलेश्वराच्या देवळाजवळ पांझरा तापीला मिळते हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते, आणि षच्या जागी र, सच्या जागी ल, नच्या जागी म ही उरलेली तिन्ही अक्षरे नदीच्या ओळखीनेच आपापल्या जागी येऊन बसतात. ज्याला ही संगमाची जागा माहीत नाही, त्याला याच तीन अक्षरांसाठी बराच वेळ झटावे लागेल.

या छोट्या उदाहरणात एक गोष्ट दिसते ती पुढे महत्त्वाची ठरणार आहे: कोडे सोडवणारे ज्ञान कोड्यात नसते. मराठी क्रियापद कसे संपते आणि कोणती नदी कोणत्या नदीला मिळते हे खेळणारा बाहेरून घेऊन येतो, आणि संकेत त्या आधीच्या ज्ञानाला नवे काही न शिकवता केवळ त्याची परीक्षा घेतो.

या तर्कप्रकाराला भारतीय दर्शनांत नेमके नाव आहे. मीमांसक त्याला अर्थापत्ती म्हणतात: एखादी दिसणारी गोष्ट दुसरी न दिसणारी गोष्ट मानल्याशिवाय जुळतच नसेल तर ती दुसरी गोष्ट मानणे भाग पडते. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ आहे, त्या अर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे, हे त्याचे शास्त्रात रुळलेले उदाहरण होय. कुमारिल भट्टांच्या परंपरेने अर्थापत्तीला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले, तर नैयायिकांनी तिला अनुमानाच्या पोटात घातले. हा वाद इथे बाजूला ठेवता येतो, परंतु त्यातली अट बाजूला ठेवता येत नाही: अर्थापत्ती तेव्हाच ज्ञान देते, जेव्हा दुसऱ्या कशानेही ती विसंगती मिटत नाही. देवदत्त रात्रीही जेवत नसेल आणि आजाराने सुजलेला असेल तर सगळी मांडणी कोसळते. शब्दकोड्याचा रचणारा ही अट आधीच पुरी करून ठेवतो, उत्तर आहे आणि ते एकच आहे अशी हमी देतो, आणि खेळणारा त्या हमीवर विश्वास ठेवूनच डावाला बसतो. व्यवहारातल्या प्रश्नांना अशी हमी कोणी देत नाही, आणि या खेळात जो विसावा मिळतो तो बहुधा त्यामुळेच मिळत असावा.

तरीही हमीने सगळे भागत नाही. बाराव्या शतकातील श्रीहर्ष, ज्यांनी नैषधीयचरित हे महाकाव्य आणि खण्डनखण्डखाद्य हा वादग्रंथ लिहिला, त्यांनी या दुसऱ्या ग्रंथात एक अडचण उभी केली आहे. कोणी मुठीत कवड्या धरून त्या किती आहेत असे विचारतो, दुसरा काहीही आधार नसता ‘पाच’ म्हणतो, मूठ उघडते आणि कवड्या पाचच निघतात. त्याचे म्हणणे खरे होते आणि जसे म्हटले तसेच वस्तुस्थितीत होते; मग ज्ञानाची जी व्याख्या ‘वस्तूशी जुळणारा अनुभव’ एवढ्यावर थांबते ती या अंदाजालाही ज्ञान म्हणायला लावील, आणि हे तर कोणालाच मान्य होणार नाही. श्रीहर्षांना यातून ज्ञानाची सुधारलेली व्याख्या द्यायची नव्हती. ते अद्वैती असल्याने कोणतीही व्याख्या टिकत नाही एवढेच त्यांना दाखवायचे होते, आणि त्यांच्यानंतरच्या नैयायिकांना आपल्या व्याख्या अधिकाधिक काटेकोर कराव्या लागल्या त्यात या माऱ्याचा वाटा मोठा आहे. पश्चिमेत १९६३ साली एडमंड गेटियर यांच्या जेमतेम तीन पानांच्या निबंधाने याच जातीचा प्रश्न नव्याने उभा केला आणि त्यावर आजवर ग्रंथांचा ढीग झाला. मुठीतल्या कवड्या त्याआधी आठशे वर्षे इथे मोजल्या जात होत्या, याची दखल मात्र पुष्कळ उशिरा घेतली गेली.

पाच अक्षरी शब्दाच्या खेळात पहिल्याच प्रयत्नात उत्तर लागणे ही श्रीहर्षांची मूठ होय. संस्कृतात अशा यशाला घुणाक्षरन्याय म्हणतात: लाकूड पोखरणारा भुंगा पोखरता पोखरता एखाद्या अक्षराचा आकार करून जातो, पण म्हणून त्याला लिहिता येते असे कोणी म्हणत नाही. याच्या उलट जो खेळणारा चौथ्या-पाचव्या प्रयत्नात, चुकलेल्या अक्षरांनी बंद केलेल्या वाटा मोजत मोजत उत्तरापाशी येतो, त्याची प्रक्रिया न्यायसूत्रांनी सांगितलेल्या क्रमाशी मिळतीजुळती असते. संशय, म्हणजे दोन पर्यायांमध्ये अडकलेले मन. तर्क, म्हणजे एक पर्याय मानला तर कोणती आपत्ती ओढवते ते पाहणे. आणि निर्णय, म्हणजे दोन्ही बाजू तोलून संशय मिटणे, हे तिन्ही गौतमांनी सोळा पदार्थांत गणले आहेत. अशा रीतीने दोघांच्या पडद्यावर शब्द एकच उमटतो आणि गुण मात्र अंदाज करणाऱ्याला अधिक मिळतात, कारण खेळाचे यंत्र प्रयत्नांची संख्या मोजते आणि पोहोचण्याची वाट मोजत नाही. ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने हा गुणांकाचा ढोबळ अन्यायच म्हटला पाहिजे.

कोड्याच्या हमीतला दुसरा भाग, म्हणजे कोणीतरी ते मुद्दाम रचले आहे हे गृहीत, धर्मग्रंथांच्या बाबतीत अधिक काळजीने तपासावे लागते. मायकेल ड्रॉस्निन यांच्या १९९७ मधील ‘द बायबल कोड’ या पुस्तकाने असा दावा केला की बायबलच्या हिब्रू मजकुरातली समान अंतरावरची अक्षरे उचलली तर आधुनिक घटनांची भाकिते मिळतात. ऑस्ट्रेलियाचे गणितज्ञ ब्रेंडन मकाय यांनी तीच रीत ‘मोबी डिक’ या कादंबरीला लावली आणि तिच्यातही राजकीय हत्यांची ‘भाकिते’ काढून दाखवली. मोठ्या मजकुरात अक्षरे उचलण्याची मुभा पुरेशी सैल ठेवली तर हवे ते सापडते. तिथे रचणारा नसतो, फक्त शोधणारा असतो. मूलदेवीय रीतीतही हा मोह आहे. तिच्यात ‘मन’ याचे ‘नम’ होते आणि ‘तप’ याचे ‘पत’ होते, आणि यावर एखाद्या कीर्तनकाराला तासभर निरूपण करता येईल, परंतु ते निरूपण भुंग्याच्या अक्षरावर केलेले असेल.

महाराष्ट्रातले याहून गुंतागुंतीचे उदाहरण समर्थ रामदासांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका पद्यपत्राचे आहे. त्याच्या चरणांची आद्याक्षरे क्रमाने वाचली असता विजापूरचा सरदार निघाल्याचा निरोप निघतो, आणि तो अफझलखानाच्या स्वारीविषयी शिवाजी महाराजांना दिलेला इशारा होय असे परंपरा मानते. इथे घुणाक्षराची शंका घेण्यास जागा नाही, कारण इतकी अक्षरे ओळीने योगायोगाने जुळत नाहीत. संकेत मुद्दाम घातलेला आहे हे उघड दिसते. वाद उरतो तो वेगळा: हे पत्र कोणाचे, ते कोणत्या काळातले, आणि निरोप घटनेच्या आधी रचला गेला की नंतर. अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. संकेत सुटला म्हणून हा वाद सुटत नाही, कारण आद्याक्षरे स्वतःची तारीख सांगत नाहीत. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभेच्या आणि पुढे समर्थ वाग्देवता मंदिराच्या द्वारा समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवण्यात आयुष्य वेचले, ते अशाच प्रश्नांसाठी: अक्षरे काय सांगतात हे कळल्यावरही कागद, हात आणि मठ यांची साक्ष लागतेच.

लपवण्याची कारणे मात्र सर्वत्र सारखी नसतात, आणि त्यांतले सर्वांत मोकळे कारण महाभारताच्या एका आख्यायिकेत आहे. गणपती लेखणी थांबणार नाही या अटीवर लिहायला बसतो, व्यास उलट अट घालतात की अर्थ कळल्याशिवाय अक्षर लिहायचे नाही, आणि मग मधूनमधून असे कूटश्लोक, म्हणजे गाठ मारलेले श्लोक, रचतात की गणपतीला क्षणभर थांबून विचार करावा लागतो आणि तेवढ्यात व्यास पुढचे श्लोक जुळवून घेतात. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा मूळ संहितेत धरली नाही, ती उत्तरकालीन भर मानली. कथा कितीही नंतरची असली तरी तिच्यातले निरीक्षण नेमके आहे: कूट हे तिथे रहस्य राखण्यासाठी नाही, श्वास घेण्यासाठी आहे. रात्री डाव टाकणाऱ्या माणसाचे कारणही याहून फार वेगळे नसते.

महानुभावांचे कारण निराळे होते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या या पंथाचे तत्त्वज्ञान परमेश्वर, देवता, जीव आणि प्रपंच असे चार अनादी पदार्थ मानते, मोक्ष देण्याचा अधिकार केवळ परमेश्वराचा आहे असे सांगते, आणि धर्मभाषा म्हणून मराठीचा आग्रह धरते. हा आग्रह वरवरचा नव्हता. स्मृतिस्थळ या ग्रंथात अशी हकिकत आहे की विद्वान केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा आचार्य नागदेव यांनी त्यांना थांबवले, कारण तसे झाले तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील. मराठी धर्मेतिहासात इतक्या थोडक्या शब्दांत इतका मोठा निर्णय क्वचितच घेतला गेला असेल. आणि याच पंथाने पुढच्या शतकात आपले मराठी ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले: सकळ लिपी, सुंदरी लिपी, शिवाय अंक, शून्य, वज्र अशा नावांच्या आणखी काही. सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरा सह्याद्रिवर्णनाचे कवी रवळोबास यांच्याकडे देते. तिचे तत्त्व मूळ अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजण्याचे आहे, म्हणजे कुळाने ती मूलदेवीयाचीच नातलग लागते. पण ती सहज म्हणून खेळण्यासाठी रचलेली नव्हती, आणि बाहेरच्या माणसाने ती सोडवावी अशी रचणाऱ्याची मुळीच इच्छा नव्हती.

लपवण्यामागे नेमके काय होते यावर मते वेगवेगळी आहेत. परचक्राच्या धामधुमीत ग्रंथ भ्रष्ट होऊ नयेत, विरोधकांच्या हाती पडून विपर्यास होऊ नये, अनधिकारी माणसाने रहस्य हाताळू नये, अशी कारणे दिली जातात. यांतल्या ‘अधिकार’ या कल्पनेचा अर्थ इथे मालकी असा नाही. ज्याची ऐकण्याची, धरण्याची आणि आचरण्याची तयारी झालेली आहे तो अधिकारी, आणि ती तयारी कोणा उपदेशकाच्या समोर बसून होते, अशी ती कल्पना आहे. कारण कोणतेही असो, परिणाम असा झाला की सुमारे पाच शतके पंथाबाहेरच्या मराठी माणसाला या ग्रंथांचे दार बंद राहिले, त्यांच्याविषयी नाना अफवा उठल्या, आणि जे दिसत नाही ते काहीतरी भयंकर किंवा काहीतरी अद्भुत असले पाहिजे असे दोन्ही बाजूंनी मानले गेले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि ठाण्याचे वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी सकळ लिपीची किल्ली बाहेरच्या जगाला मिळाली. राजवाडे यांच्या अखेरच्या काळाचे धुळ्याशी घट्ट नाते आहे. त्यांचे निधन तिथेच १९२६ च्या ३१ डिसेंबरला झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले, ज्यात त्यांनी जमवलेली दप्तरे जतन झाली आहेत. किल्ली मिळाल्यावर पुढच्या काळात ह. ना. नेने, य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते आदींनी ग्रंथामागून ग्रंथ छापून काढले, आणि मराठी गद्याचा इतिहास तेराव्या शतकापर्यंत मागे गेला.

आता जे बाहेर आले ते काय होते? पंथातील म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास संकलित केलेले लीळाचरित्र हे त्यांतले मुख्य. त्यात चक्रधरस्वामी कोणत्या गावी कोणत्या देवळात उतरले, कोणाच्या हातचे जेवले, कोणाला रागे भरले, त्यांची शिष्या महदाइसा हिने कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, कोणाच्या शंकेला कोणता दाखला दिला, असे प्रसंगामागून प्रसंग येतात, आणि त्यांची भाषा घरातल्या बोलण्याइतकी साधी आहे. मंत्र-तंत्र निघाले नाहीत, खजिन्याचे नकाशे निघाले नाहीत. मराठीतल्या सर्वांत अवघड कुलपामागे मराठीतले सर्वांत सोपे गद्य होते. गूढता सगळी लिपीत होती. मजकूर म्हाताऱ्या बायकांसाठी लिहिलेला होता आणि तो तसाच राहिला होता.

यावरून दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देता येते. झाकल्यामुळे अर्थ खोल होत नाही, झाकल्यामुळे केवळ शोधणाऱ्याची अपेक्षा खोल होते, आणि कोडे सोडवल्याचा आनंद हा बहुतांशी त्या ताणलेल्या अपेक्षेच्या सुटण्याचा आनंद असतो. पडद्यावर अखेरीस ‘चादर’ किंवा ‘पावसाळा’ असा रोजचा शब्द उमटला तरी खेळणारा हिरमुसला होत नाही, यावरून हे ताडून पाहता येईल. म्हणूनच धर्माच्या क्षेत्रात जो कोणी ‘यात गूढ अर्थ दडलेला आहे’ असे सांगून सुरुवात करतो, त्याच्याकडे थोड्या संशयाने पाहणे हे अश्रद्धेचे लक्षण मानू नये. तो पुष्कळदा शोधाचा आनंद अर्थाच्या नावावर विकत असतो.

उरलेले अर्धे उत्तर अधिक अवघड आहे. लिपीची किल्ली हाती असलेल्या संशोधकाला लीळाचरित्र वाचता आले, पण पंथाच्या दृष्टीने त्याला ‘ज्ञान’ झाले का? महानुभाव सिद्धान्त ज्ञान हे जीवाच्या युक्तीचे फळ मानत नाही. ते परमेश्वराने द्यावयाचे असते आणि त्याच्या असन्निधानात, म्हणजे तो प्रत्यक्ष समोर नसताना, अनुसरण आणि स्मरण यांच्या वाटेने जीवाने स्वतःला त्यासाठी योग्य करावयाचे असते. या मताप्रमाणे किल्ली ही काहीच देत नाही, फार तर दारापर्यंत नेते. बुद्धिवाद्याला हे म्हणणे पळवाटेसारखे वाटेल, परंतु पांझरेच्या उदाहरणात जे दिसले ते इथे आठवावे लागते: संकेत उलगडणारे ज्ञान संकेतात नव्हते, ते संगमापाशी राहिलेल्या माणसात होते. तेव्हा वाचणे आणि जाणणे यांतले अंतर केवळ भक्तांनी काढलेले नाही, ते खेळातही आहे. फरक एवढाच की पंथ ते अंतर देवाने भरावे असे म्हणतो, आणि न्यायशास्त्र प्रमाणांनी.

मग बाहेरच्यांनी ती लिपी उघडली हे योग्य झाले काय? जे सोडवण्यासाठी रचलेले नाही ते सोडवणे हा खेळ राहत नाही, आणि पंथातल्या काही मंडळींना ग्रंथ छापले जाण्याचे दुःख झाले ते समजण्यासारखे आहे. परंतु या तक्रारीला सर्वांत मोठा अडथळा पंथाच्या स्वतःच्या इतिहासात उभा आहे. ज्या आचार्यांनी संस्कृताचे कुलूप नको म्हटले, त्यांच्या निर्णयाचा अर्थ नीट घेतला तर सकळ लिपीचे कुलूपही काळाच्या एका टप्प्यापुरतेच समर्थनीय ठरते, आणि ज्या महंतांनी पुढे आपली पोथीघरे अभ्यासकांना खुली केली त्यांनी पंथ मोडला असे म्हणण्यापेक्षा म्हाताऱ्यांची बाजू पुन्हा उचलून धरली असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

लीळाचरित्रात आणखी एक गोष्ट आहे आणि ती कोडी सोडवणाऱ्याला खटकल्याशिवाय राहत नाही. म्हाइंभटांनी ज्यांच्या ज्यांच्या तोंडून आठवणी गोळा केल्या त्या सगळ्यांच्या आठवणी जुळत नव्हत्या, आणि जिथे जुळल्या नाहीत तिथे त्यांच्या ग्रंथात एकच पाठ ठेवून बाकीचे पुसलेले नाहीत. ज्याची आठवण वेगळी त्याच्या नावाने ती वेगळी नोंदली गेली आहे. पंथाच्याच दृष्टान्तपाठात जन्मांधांनी हत्ती चाचपल्याचा दाखला येतो, तेव्हा एकाच वस्तूच्या अनेक साक्षी असू शकतात हा विचार या परंपरेला परका नव्हता. अक्षरागणिक एकच उत्तर असलेल्या लिपीच्या आत असा ग्रंथ होता, जो एका लीळेची दोन रूपे शेजारी शेजारी ठेवतो आणि त्यांतले कोणते खरे याचा निकाल देत नाही. शब्दखेळाचा रचणारा असे दोन उत्तरांचे कोडे सदोष म्हणून मागे घेईल. म्हाइंभटांना ते मागे घ्यावेसे वाटले नाही, आणि ज्या नागदेवाचार्यांसमोर ते आपल्या नोंदी तपासायला ठेवत, त्यांनीही ते मागे घ्यायला लावले नाही.